'लव्हलेस'मधला हलता सूर

स्नेअर ड्रमवर लागोपाठ चार फटके पडतात आणि मग गिटारचा असा लोंढा येतो की माणूस बसल्या जागी मागे सरकतो. 'ओन्ली शॅलो' या गाण्याची ही सुरुवात, आणि 'लव्हलेस' या आल्बमचीही. माय ब्लडी व्हॅलेंटाइन या बँडने तो ४ नोव्हेंबर १९९१ रोजी काढला. माझ्या कानावर तो फार उशिरा पडला. तोवर मी सात वर्षं गिटार वाजवत होते. कुठलंही गाणं चार-पाच वेळा ऐकलं की त्यातल्या कॉर्ड, म्हणजे एकत्र वाजणारे सूर, सापडायच्या, आणि त्याच सवयीने मी हेडफोन लावून गिटार मांडीवर घेतली. रात्री दीडपर्यंत बसले, हाती काही लागलं नाही. कॉर्ड ओळखीची वाटायची, पण बोटं तिच्यावर ठेवली की रेकॉर्डमधली कॉर्ड जरा खाली सरकलेली असायची. बोटं तिकडे न्यावीत तर ती परत वर आलेली. सूर मोजणारा ट्यूनर स्पीकरसमोर धरून पाहिला. काटा एका जागी थांबेना.

त्या रात्रीपासून जवळजवळ वर्षभर मी तो एक आवाज काढायला शिकत होते.

या आल्बमबद्दल बोलताना सगळे एक गोष्ट हमखास सांगतात, की शेकडो गिटारी एकावर एक रचल्या आहेत. ऐकताना ते पटतंही. मीही तेच खरं धरून कामाला लागले. कॉम्प्युटरवर एकच कॉर्ड सोळा वेळा वाजवून सोळा ट्रॅक केले. आवाज जाड आणि लहरता करणारे इफेक्ट लावले, काहींना कोरस, काहींना फ्लँजर, निम्मे डावीकडे, निम्मे उजवीकडे. दोन महिने माझं हेच चाललं होतं. जे तयार झालं ते मोठं होतं, पण त्यात जीव नव्हता. सोळा गिटारी एकमेकींना घासून गुळगुळीत करत होत्या, आणि नेमकी मधोमध, जिथे 'लव्हलेस' सगळ्यात भरलेला वाटतो, तिथे माझ्याकडे पोकळी होती.

मग केव्हिन शील्ड्सच्या मुलाखती शोधून वाचायला घेतल्या. बँडचा गिटारवादक, गायक आणि या आल्बमचा मुख्य कर्ताधर्ता हाच. त्याचं म्हणणं असं, की गिटारचे थर लोक समजतात त्याच्यापेक्षा कितीतरी कमी आहेत. कोरस नाही, फ्लँजर नाही. गिटार दोन्ही बाजूंना पसरलेली नाही, बरोबर मधोमध ठेवलेली आहे. मी दोन महिने जे जे केलं त्यातलं काहीच तिथे नव्हतं. त्याच संध्याकाळी सोळाही ट्रॅक पुसून टाकले आणि एका गिटारवर परत आले.

आवाजाचं मूळ एका दांडीत होतं. ट्रेमोलो आर्म म्हणतात ती. गिटारच्या ब्रिजपाशी, म्हणजे तारा जिथे टेकतात त्या पट्टीपाशी, बसवलेली ही दांडी दाबली की तारा सैल पडतात आणि सूर उतरतो. वर ओढली की तारा ताणल्या जाऊन सूर चढतो. एरवी गिटारवादक आधी सूर वाजवतो आणि मग दांडी दाबून त्याला झोल देतो. शील्ड्स उजव्या हातात तारा छेडायची पिक धरतो, त्याच हातात दांडीही धरतो, आणि दांडी न सोडता सगळ्या तारांवरून हात फिरवतो. म्हणजे प्रत्येक स्ट्रोकबरोबर सूर हलत राहतो. या वाजवण्याला पुढे 'ग्लाइड गिटार' असं नाव पडलं. १९८८ मध्ये मित्राकडून उसनी आणलेली फेंडर कंपनीची जॅझमास्टर गिटार हाताळताना त्याला ही रीत सापडली.

माझ्या गिटारला दांडी होती, पण ती आखूड आणि घट्ट होती. ती धरून स्ट्रोक मारता येईना. शेवटी एक जुनी जॅझमास्टर मिळवली. हे मॉडेल फेंडरने १९५८ मध्ये काढलं, आणि याची रचना बाकीच्या गिटारींपेक्षा वेगळी आहे. दांडी लांब असते. ब्रिज पक्का बसवलेला नसतो. दोन खुंट्यांवर उभा असतो आणि तारांबरोबर पुढेमागे डुलतो. दांडी छिद्रात नुसती खोचायची असते. शील्ड्स ती पूर्ण आत जाऊ देत नाही, तिच्या टोकाला टेप गुंडाळतो, म्हणजे दांडी तारांपासून जरा उंच राहते आणि हाताला सापडते. मी इलेक्ट्रिशियनची काळी टेप घेतली. तीन वेढे दिले तर दांडी गळून पडायची, सहा दिले तर आत शिरायची नाही. साडेचार वेढ्यांवर जमलं. ती अर्ध्या वेढ्याची टोकदार कडा अंगठ्याला अजून लागते, आणि आता ती लागली नाही तर चुकल्यासारखं होतं.

तारांचा प्रश्न वेगळाच निघाला. मी नेहमी पातळ तारा लावायचे. जोरात स्ट्रोक मारला की सहावी तार ब्रिजवरच्या खाचेतून उडून शेजारच्या तारेला जाऊन चिकटायची. दोन-तीनदा तर भर गाण्यात असं झालं. ११ नंबरचा जाड संच लावल्यावर तारा जागेवर राहायला लागल्या, पण डाव्या हाताच्या बोटांना पुन्हा पहिल्या वर्षासारखे घट्टे पडले.

सगळं जमून आलं आणि तरीही आवाज तो नव्हता. माझी गिटार गटांगळ्या खात होती. रेकॉर्डमधली गिटार श्वास घेतल्यासारखी हलते, माझी बुडत होती आणि वर येत होती. महिनाभर रोज तासभर तेच. दांडी कमी दाबून पाहिली, जास्त दाबून पाहिली, मेट्रोनोम लावून पाहिला. मेट्रोनोमवर तर ते अगदीच मेल्यासारखं झालं.

ताई सतार वाजवते. तिच्या आणि माझ्या खोलीत एक भिंत आहे, त्यामुळे हे सगळं ती महिनाभर ऐकतच होती. एके दिवशी ती दारात येऊन उभी राहिली.

"काय काढायचा प्रयत्न चाललाय?"

मी हेडफोन तिच्या कानाला लावले. 'ओन्ली शॅलो' तिने पूर्ण ऐकलं, डोळे मिटून. मग म्हणाली, "आता तू वाजव."

मी वाजवलं.

"अगं, तू मींड घेतेयस, सुरावरून सुरावर घसरतेयस. एका सुरावरून निघतेस, दुसऱ्यावर जातेस, परत येतेस. यात मींड नाहीये. हे आंदोलन आहे. दरबारीचा गंधार ऐकलायस ना? तिथे आपण गंधार सोडून कुठे जात नाही, त्याच्या अंगाखांद्यावर खेळतो."

"मग हाताचं काय करू?"

"तू दांडी दाबतेयस. दाबू नकोस. नुसती धर. स्ट्रोक मारताना हात हलेल तेवढीच ती हलू दे."

मला वाटतं वर्षभरात मी शिकले त्यातलं निम्मं या दोन मिनिटांत शिकले. तोवर माझा उजवा हात दोन कामं करत होता, एक तारा छेडण्याचं आणि दुसरं दांडी दाबण्याचं. ताईच्या सांगण्यानंतर काम एकच उरलं. मनगट सैल सोडलं, दांडी तीन बोटांच्या कुशीत नुसती ठेवली, आणि हात खाली गेला की सूर किंचित उतरायचा, वर आला की चढायचा. स्ट्रोकची लय तीच सुराची लय. दोन्ही वेगळी काढताच येत नाहीत. म्हणून तर रेकॉर्ड ऐकून कॉर्ड सापडत नव्हती. मी स्थिर कॉर्ड आणि त्यावरचा परिणाम अशा दोन गोष्टी शोधत होते, आणि तिथे गोष्ट एकच होती.

पण नुसत्या हाताने तो मऊपणा येत नाही, हेही खरं. रेकॉर्डमध्ये पिक तारेवर आपटल्याचा आवाज जवळपास नाहीच. सूर सुरू कुठे झाला ते कळत नाही, तो आधीपासूनच तिथे असल्यासारखा वाटतो. हे काम रिव्हर्स रिव्हर्बचं. साध्या रिव्हर्बमध्ये आवाज घुमतो आणि हळूहळू विरतो. रिव्हर्समध्ये उलटं होतं, घुमारा शून्यातून चढत जातो आणि एकदम तुटतो. शील्ड्स यासाठी यामाहाचं एसपीएक्स ९० वापरायचा. त्यातला मूळ गिटारचा आवाज पूर्ण बंद करून फक्त हा उलटा घुमारा ठेवला की पिकची टकटक नाहीशी होते. माझ्याकडे ते यंत्र नाही. एका साध्या डिजिटल रिव्हर्बमध्ये 'रिव्हर्स' असा पर्याय होता, त्यावर भागवलं. तो डिस्टॉर्शनच्या, म्हणजे आवाज खरखरीत करणाऱ्या इफेक्टच्या, नंतर लावला तर गिटार एकीकडे आणि ढग दुसरीकडे अशी फारकत व्हायची. आधी लावला तर डिस्टॉर्शन त्या ढगालाच चावत आत शिरायचं आणि सगळं एकजीव व्हायचं. गिटारवरचा टोनचा नॉब जवळजवळ शून्यावर आणला तेव्हा पहिल्यांदा अंगावर काटा आला.

अडकले की मी या आल्बमच्या जन्माची गोष्ट वाचत बसायचे, आणि त्याने धीर यायचा. फेब्रुवारी १९८९ मध्ये लंडनच्या ब्लॅकविंग स्टुडिओत काम सुरू झालं. आल्बम काढणाऱ्या क्रिएशन रेकॉर्ड्स या कंपनीची समजूत होती की पाच दिवसांत आल्बम होईल. लागली अडीच वर्षं आणि १९ स्टुडिओ. खर्चाचा आकडा अडीच लाख पौंड असल्याची बोलवा अजून फिरते. शील्ड्सला तो मान्य नाही. ड्रमर कोल्म ओ कीसोग आजारपणामुळे वाजवू शकत नव्हता, म्हणून त्याने वाजवलेल्या तुकड्यांचे नमुने घेऊन बहुतेक गाण्यांचे ड्रम त्यातून जुळवले. प्रत्यक्ष बसून त्याने वाजवलं ते 'ओन्ली शॅलो' आणि 'कम इन अलोन' या दोनच गाण्यांत. बेस गिटार वाजवणाऱ्या डेबी गूजचं नाव आल्बमवर आहे, पण बेसही शील्ड्सनेच वाजवला. एवढं करून ब्रिटनच्या विक्रीच्या यादीत आल्बम पोचला २४ व्या क्रमांकापर्यंत, आणि क्रिएशनने बँडशी संबंध संपवले. समीक्षकांनी मात्र त्याला पहिल्यापासून उचलून धरलं. १९९९ मध्ये पिचफोर्क या संगीतसमीक्षेच्या वेबसाइटने नव्वदच्या दशकातल्या आल्बमची यादी केली तेव्हा 'लव्हलेस' पहिला होता. पुढचा आल्बम यायला २०१३ साल उजाडलं.

लोक या अडीच वर्षांना शील्ड्सचा हट्ट म्हणतात, वेड म्हणतात. एक दांडी किती हलावी हे कळायला मला कित्येक महिने लागले, त्यामुळे मी त्याला वेड म्हणणार नाही. त्याने जे ऐकलं होतं ते त्याच्याआधी कुणी टेपवर आणलेलं नव्हतं. स्टुडिओतले बहुतेक इंजिनिअर त्याला सांगायचे की हे चूक आहे. ॲलन मोल्डर आणि पुढे अंजली दत्त यांच्यासारखे थोडेच त्याच्या बाजूने उभे राहिले.

'ओन्ली शॅलो'च्या त्या सुरुवातीच्या किंकाळीसाठी त्याने दोन ॲम्प, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणारे स्पीकर, समोरासमोर ठेवले होते. दोन्हींवरचा ट्रेमोलो वेगवेगळ्या वेगावर, आणि मधोमध मायक्रोफोन. इथे नावांचा घोळ आहे तो सांगते. ॲम्पवरचा ट्रेमोलो आवाज लहानमोठा करतो, सूर हलवत नाही. गिटारच्या दांडीला फेंडरने ट्रेमोलो असं नाव दिलं आणि ते तसंच चिकटलं, खरं तर तिचं काम व्हायब्रेटोचं, म्हणजे सूर हलवण्याचं. तर, एका ॲम्पचा आवाज एका वेगाने धडधडतो, समोरच्याचा दुसऱ्या वेगाने, आणि मायक्रोफोनला दोन्ही एकत्र ऐकू येतात. मग त्यावर आणखी एक-दोन थर, ते उलटे फिरवून सॅम्पलर या आवाज साठवणाऱ्या यंत्रात घेतलेले आणि सुलट्यावर चढवलेले.

मी हे करून पाहिलं. एक ॲम्प माझा, एक मैत्रिणीकडून आणलेला. खोलीत समोरासमोर ठेवले, मध्ये साधारण दीड हात अंतर, आणि मायक्रोफोन वाटीएवढ्या मोकळ्या जागेत. दोन्ही ट्रेमोलो सारख्या वेगावर असताना ते नुसतं लयीत वाजत होतं. मी उजव्या ॲम्पचा नॉब केसभर फिरवला. धडधड हळूहळू सुटी व्हायला लागली, मग दोन धडधडी एकमेकींना ओलांडून पुढे गेल्या, काही सेकंदांनी परत भेटल्या, परत सुटल्या. एकच कॉर्ड धरून मी वीस मिनिटं वाजवत राहिले. कॉर्ड बदलावी असं वाटलंच नाही, कारण आत सारखं काहीतरी बदलत होतं. त्या दिवशी उठले तेव्हा डाव्या कानात बारीक शिट्टी वाजत होती, ती झोपेपर्यंत गेली नाही. तेव्हापासून कानात इअरप्लग घातल्याशिवाय ॲम्प चालू करत नाही, आणि दुसऱ्यांनाही करू देत नाही. हा आल्बम अगदी हळू आवाजातही तितकाच सुंदर लागतो.

सगळ्यात शेवटी गाणं. आणि मला स्वतःला हे प्रकरण सगळ्यात जवळचं आहे.

'लव्हलेस'मधले शब्द नीट कळत नाहीत. गाणारा आवाज गिटारच्या वर बसलेला नाही, तिच्या आतून येतो. बँडची गायिका बिलिंडा बुचर आणि शील्ड्स रात्र रात्र बसून शब्द लिहायचे आणि रेकॉर्डिंग बहुतेकदा सकाळी सात-साडेसातला व्हायचं. बिलिंडाचा नुकता डोळा लागलेला असायचा, तिला उठवून गायला उभं करायचे. गाणाऱ्याची खोली आणि कंट्रोल रूम यांच्यातल्या काचेवर पडदा लावलेला. इंजिनिअरना ऐकायला मनाई होती. टेपमशीनवरचे काटे हलतायत की नाही एवढंच बघायचं. काटे थांबले की गाणं थांबलं असं समजून टेप पुन्हा मागे घ्यायची. टेक, म्हणजे एकदा सलग गाऊन केलेलं रेकॉर्डिंग, चांगला झाला की पडदा बाजूला करून हात हलवायचे.

मी कधीच गात नाही. गायला लागले की गळा आवळतो, कुणीतरी ऐकतंय या जाणिवेने. हे पडद्याचं वाचलं आणि मला ते फार आपलंसं वाटलं. एका रविवारी पहाटे साडेपाचचा गजर लावला. तोंडही धुतलं नाही. खोलीतला दिवा न लावता मायक्रोफोनसमोर उभी राहिले, कानात गिटार, आणि 'व्हेन यू स्लीप'ची चाल जवळजवळ कुजबुजत म्हटली. या गाण्यात शील्ड्सला एक टेक मनासारखा मिळेना, तेव्हा कंटाळून त्याने बारा-तेरा टेक एकत्रच वाजवले. मीही बारा घेतले. कुठल्याच टेकमध्ये मी नीट गायले नव्हते. चौथ्यात सूर उतरला होता, सातव्यात शब्द गिळले होते, दहाव्यात श्वास पुरला नव्हता. बाराही एकदम लावले, आवाज गिटारच्या पातळीपर्यंत खाली आणला, आणि ऐकलं. एकेकटे चुकलेले ते बारा आवाज मिळून एक झाले होते. कडा नसलेला, जरा घोगरा, कुणाचा ते न कळणारा. आणि तो माझा होता. मी तिथेच जमिनीवर बसून राहिले. बाहेर उजाडत होतं.

तो ट्रॅक मी कुणालाही ऐकवणार नव्हते. ताईने विचारलं तेव्हा ऐकवला. तिने तानपुऱ्याची आठवण काढली. चार तारा आळीपाळीने छेडल्या तरी ऐकू येतो तो एकच भरलेला घुमारा, तसं काहीसं झालंय म्हणाली. मग विचारलं, "यात तू कुठे आहेस?" मी म्हटलं, "सगळीकडे."

आता दांडीवरची टेप तिसऱ्यांदा बदलली आहे. 'ओन्ली शॅलो' येतं, 'व्हेन यू स्लीप' येतं, 'समटाइम्स' तर डोळे मिटून येतं. त्याला कॉर्ड थोड्या आणि मनगट निवांत लागतं. 'टू हिअर नोज व्हेन' मात्र अजून बंदच आहे. त्यात कॉर्ड कुठे बदलते तेच ऐकू येत नाही, सगळं पाण्याखाली चालल्यासारखं वाटतं. काल ताई माझ्या खुर्चीत हेडफोन लावून बसली होती, एक हात हवेत धरून. तीनदा मागे जाऊन ऐकलं तिने. मग सतारीच्या एका तारेवर बोट ठेवून सूर वाजवला आणि म्हणाली, "हा षड्ज धर. बाकीचं याच्याभोवती फिरतंय."

आज रात्री तिथून सुरुवात करणार आहे.